जिभेची चव गेली तेव्हा

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी आरोग्याविषयी कोणी तरी चार शब्द बोलावे अशी आपली पद्धत आहे. एरवी त्यासाठी एखाद्या डॉक्टरीणबाईंना बोलावणे जाते. यंदा अध्यक्षाबाईंनी मलाच उभे केले आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. व्याख्यान देण्याची सवय नाही. पण जे माझ्यावर गुदरले ते मला सांगता येईल, आणि ते सांगावयाचे दुसरेही एक कारण आहे. ते कारण शेवटी सांगेन. तोवर चुकले-माकले पदरात घ्यावे.

माझा विषय आहे जीभ. बायकांच्या जिभेविषयी लोक पुष्कळ बोलतात, पण ती निराळी जीभ! मी बोलणार आहे ती चव घेणारी जीभ. घशातल्या गाठी, म्हणजे टॉन्सिल, काढल्यावर माझी चव काही महिने गेली होती. चव गेली म्हणजे काय होते, ती का जाते, परत कशी येते आणि तोवर बाईने घर कसे चालवावे, एवढेच मला सांगावयाचे आहे.

२०२२ साली माझा घसा वर्षभर धरलेला होता. मृग लागला की घसा दुखावयाचा, ताप यावयाचा, घास गिळताना डोळ्यांत पाणी यावयाचे. मी हळद-मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करावयाच्या, दोन गोळ्या घ्यावयाच्या आणि पुन्हा कापूस वेचावयास जावयाचे. आपण बायका अशाच. गाईचे दूध आटले तर त्याच दिवशी विचारपूस करू, पण आपला घास अडला तर महिनाभर कोणाला सांगणार नाही. त्या वर्षी मला सात वेळा असा ताप आला. शेवटच्या खेपेला एका बाजूला पू धरला, तोंड उघडेना, लाळसुद्धा गिळवेना. तेव्हा कोठे घरचे मला मोठ्या गावी नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले.

या गाठी घशाच्या दोन्ही बाजूंस, पडजिभेच्या डावी-उजवीकडे असतात. पडजीभ मध्ये लोंबते ती निराळी. पुष्कळ बाया दोन्हींना एकच समजतात, मीही समजत होते. तोंडावाटे आणि नाकावाटे जे रोगजंतू येतात त्यांची ओळख शरीराला करून देणारे हे राखणदार आहेत. लहानपणी त्यांना फार काम असते, म्हणून मुलांत त्या मोठ्या दिसतात आणि वय वाढेल तशा लहान होतात. मोठ्या दिसल्या म्हणून कोणी त्या काढीत नाहीत. एके काळी मात्र पाश्चात्त्य देशांत मुलांच्या गाठी सर्रास काढून टाकीत. आता डॉक्टर हिशेब पाहतात. एका वर्षात सात वेळा, किंवा लागोपाठ दोन वर्षे दर वर्षी पाच वेळा, किंवा तीन वर्षे दर वर्षी तीन वेळा घसा चांगलाच धरला असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार करतात. रात्री झोपेत श्वास अडत असेल किंवा पुन्हापुन्हा पू होत असेल तरीही करतात. मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. घशाच्या एका जातीच्या जंतूंचा उपचार अर्धवट राहिला तर पुढे सांधे सुजतात आणि हृदयाच्या झडपा बिघडतात. म्हणून मुलाचा घसा दुखला तर डॉक्टर जेवढे दिवस औषध सांगतील तेवढे दिवस पुरते द्यावे. दोन दिवसांत ताप उतरला म्हणून उरलेल्या गोळ्या फडताळात ठेवू नयेत.

हा रोग काही नवा नाही. आपल्या सुश्रुतसंहितेत तुंडिकेरी म्हणून एक रोग सांगितला आहे, तो हाच असे वैद्य मानतात. दोन हजार वर्षांपूर्वी रोम देशात सेल्सस नावाच्या ग्रंथकाराने या गाठी बोटाने सोडवून काढण्याची रीत लिहून ठेवली आहे. भूल देण्याचे औषध त्या काळी नव्हते! तेव्हाच्या रोग्यांची आठवण काढली म्हणजे माझे दुखणे मला फुलासारखे वाटते.

२०२३ च्या फेब्रुवारीत माझी शस्त्रक्रिया झाली. त्याआधी एका कागदावर सही घेतली. डॉक्टर काही सांगत होते, पण माझे लक्ष घरच्या गोठ्याकडे आणि परीक्षेला बसलेल्या मुलीकडे. मी मान हलविली आणि सही केली. चवीत फरक पडू शकतो हे त्या कागदावर लिहिलेले होते. ते मी सहा महिन्यांनी वाचले. भगिनींनो, आपल्याला वाचता येते ते कशासाठी? हाताने सही करावयाची तर आधी डोळ्यांनी वाचावे.

नंतरचे पंधरा दिवस कठीण गेले. गाठी काढल्या त्या जागी पांढरी साय धरते. ती पू नव्हे, जखम भरण्याची खूण आहे. ती पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास सुटते, आणि तेव्हाच रक्त येण्याची भीती असते. ताजे लाल रक्त आले तर घरगुती उपाय करीत बसू नये, लगोलग दवाखाना गाठावा. कानही दुखतात. मी म्हटले, घसा कापला आणि कानात ठणका कसा? तर घशाची आणि कानाच्या आतल्या भागाची वार्ता एकच नस मेंदूकडे नेते, त्यामुळे मेंदूला ठणका कानातलाच वाटतो. थंड दूध, पातळ खिमट, मऊ भात यांवर मी दिवस काढले. त्या दिवसांत कशाची चव लागत नव्हती, पण दुखण्यापुढे तिकडे कोणाचे लक्ष जाते?

महिना झाला. जखम भरली. मी चुलीपुढे बसले आणि पहिल्या दिवशी कळण्याची भाकरी व वांग्याचे भरीत केले. पहिला घास घेतला तो लोखंड चाटल्यासारखा लागला. जिभेच्या मुळाशी एक कडवटपणा बसलेला असे, तो पाणी प्यायले तरी जाईना. गुळाचा खडा तोंडात टाकला तर माती चघळल्यासारखे वाटे. मीठ तर फारच थोडे कळे. आपल्या गावाचे नाव लोणखेडा. लोण म्हणजे मीठ, लोणचे हा शब्द त्यातलाच. ज्या गावाच्या नावात लोण ऐकू येते त्या गावच्या बाईला मीठ कळेनासे व्हावे, याला काय म्हणावे!

एक गोष्ट तेवढी पहिल्यासारखी कळत होती, ती म्हणजे तिखट. याचे मला नवल वाटे. नंतर समजले की तिखट ही जिभेची चव नव्हेच. आपल्या आयुर्वेदात सहा रस सांगितले आहेत : मधुर, अम्ल, लवण, कटु, तिक्त आणि कषाय. त्यांतला कटु म्हणजे आपले तिखट आणि तिक्त म्हणजे आपले कडू. आजचे शास्त्रज्ञ गोड, आंबट, खारट आणि कडू या चार चवी धरतात, आणि पाचवी एक रुचकर रसदार चव. ती इकेडा नावाच्या जपानी शास्त्रज्ञाने १९०८ साली शोधली. टोमॅटोत ती असते, म्हणून टोमॅटो घातला की रस्सा भरलेला लागतो. मिरचीचे काम निराळे. मिरचीतला झणका उष्णतेची आणि दुखण्याची वार्ता देणाऱ्या नसांना डिवचतो. आगीचा चटका ज्या दाराने कळतो त्याच दाराने मिरची कळते. हे दार शोधून काढणाऱ्या डेव्हिड ज्युलियस या अमेरिकन शास्त्रज्ञाला २०२१ साली नोबेल पारितोषिक मिळाले, दुसऱ्या एका शास्त्रज्ञाबरोबर. म्हणूनच मिरची कांडणाऱ्या बाईच्या हातालाही तिखट लागते आणि डोळ्यालाही लागते, मात्र मीठ हाताला लागत नाही. आपण नंदुरबारच्या मिरचीच्या मुलखातल्या बाया, आपल्याला हे पुस्तकाआधीच माहीत आहे.

मला तेवढे तिखटच कळत होते, म्हणून मी तिखट वाढविले. मीठ कळत नव्हते, म्हणून मीठही वाढविले. घरातली माणसे बोलत नव्हती. आई नुकतीच दुखण्यातून उठली आहे, तिला काय बोलावयाचे, असा त्यांचा विचार. एकदा सासूबाई तेवढ्या म्हणाल्या, "काय व्हयनं वं तुना हातले?" मला राग आला. पंचवीस वर्षे मी त्या घरात रांधते आहे. माझ्या शेवभाजीसाठी पाहुणे मुक्काम वाढवितात. माझ्या हाताला काय झाले म्हणून विचारावयाचे? मी काही उत्तर दिले नाही, आणि चव गेल्याचेही कोणाला सांगितले नाही. का सांगितले नाही, याचा मी पुढे पुष्कळ विचार केला. आपल्याजवळ पदवी नाही, नोकरी नाही. चार माणसांत आपल्याला मान मिळतो तो हाताच्या चवीमुळे. तीच गेली असे कोणत्या तोंडाने सांगावयाचे?

आता या गोष्टीतला जो भाग आहे त्यासाठी मी आज उभी राहिले आहे.

आपल्या मंडळाचे उन्हाळी काम तुम्हांला ठाऊकच आहे. उडदाचे पापड, बिबडे, कुरडया. पापडाचे पीठ भिजविले की त्याची चव पाहण्याचे काम पुष्कळ वर्षे माझ्याकडे होते. मीठ, खार, हिंग, मिरे जुळले की नाही हे मी चिमूटभर पीठ जिभेवर ठेवून सांगावयाचे आणि मग लाट्या पाडावयास घ्यावयाच्या. २०२३ च्या एप्रिलमध्ये दहा किलोचे पीठ होते. खार-मीठ मोजण्याचे काम मंडळातल्या एका धाकट्या भगिनीकडे होते. मी चव घेतली. मला मीठ कळेना, खार कळेना. मी म्हटले, "कमी आहे, घाल आणखी." तिने घातले. मी पुन्हा चव घेतली आणि पुन्हा घालावयास सांगितले. तेव्हा ती म्हणाली, "ताई, माप तर बरोबर होते." मी सर्वांसमक्ष म्हटले, "माप पाहू नकोस, मला विचार."

भगिनींनो, माझे तोंड कडू आहे हे मला त्या वेळी माहीत होते. माझ्या जिभेवर विसंबू नका, दुसऱ्या कोणी तरी चव घ्या, एवढे एक वाक्य मी बोलावयास हवे होते. ते माझ्या तोंडून निघाले नाही.

पुढे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. पापड तळल्यावर लालसर होऊ लागले, आणि खाल्ल्यावर खारट व साबणासारखे कडवट लागू लागले. दुकानदाराने माल परत केला. मंडळाला खोट आली. खार जास्त पडला हे उघड होते, आणि खार मोजणारी एकच होती. तिचे माप चुकले, तिचे लक्ष नव्हते, असे जो तो बोलू लागला. मी तेथेच बसले होते. ती माझ्याकडे पाहत होती. मी खाली मान घालून लाट्यांची परात घासत राहिले. त्यानंतर तिने मंडळात येणे सोडले. उन्हाळ्याच्या कामाचे जे चार पैसे तिला मिळावयाचे तेही बुडाले.

ते चार महिने मला सुखाची झोप आली नाही, हे मी देवाशपथ सांगते. पण नुसती झोप गेल्याने दुसऱ्याचे नुकसान भरून येत नाही.

श्रावणात सासूबाईंना चक्कर आली. रक्तदाब फार वाढलेला निघाला. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "घरात मीठ किती खाता?" माणशी दिवसाला पाच ग्रॅमहून कमी, म्हणजे सपाट चहाचा एक चमचाही नाही, एवढेच मीठ जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यात भाजी, भाकरी, लोणचे, पापड सगळे आले. घरी आल्यावर मुलगी म्हणाली, "आई, सहा महिने झाले, भाजी खारट असते. तुला वाईट वाटेल म्हणून आम्ही बोललो नाही." तेव्हा मी रडले आणि सर्व सांगून टाकले. दुसऱ्याच दिवशी ती मला शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांकडे घेऊन गेली.

त्यांनी कागदावर चित्र काढून जे समजाविले ते आता थोडक्यात सांगते. जिभेच्या चवीची वार्ता मेंदूकडे नेणाऱ्या नसा निरनिराळ्या आहेत. पुढच्या दोन भागांची एक आणि मागच्या तिसऱ्या भागाची दुसरी. मागच्या भागाची ही नस टॉन्सिलच्या खोबणीच्या अगदी जवळून जाते, मध्ये काही मिलिमीटर मांस असते. कोणाकोणात ते आणखी पातळ असते. गाठ काढताना ही नस ताणली गेली, सुजेने दबली किंवा रक्त थांबविण्यासाठी दिलेल्या शेकाची आच तिला लागली, तर चव बिघडते. शस्त्रक्रिया चालू असताना तोंड उघडे राहावे म्हणून जीभ पट्टीखाली दाबून ठेवावी लागते, त्या दाबानेही बिघडते. शिवाय काही औषधांनी, आणि खाणे तुटून शरीरातले जस्त कमी झाल्यानेही चव जाते. यात कोणाचा हलगर्जीपणा असतोच असे नाही. जागाच तशी अडचणीची आहे.

शाळेत असताना मी पाटीवर जिभेचा नकाशा काढला होता : टोकाला गोड, कडेला आंबट-खारट, मागे कडू. तो नकाशा खरा नव्हे. १९०१ साली एका जर्मन शास्त्रज्ञाने जिभेच्या भागाभागांत थोडाथोडा फरक आढळल्याचे लिहिले होते. पुढे लोकांनी त्याचा विपर्यास करून पक्के वाटे पाडले. चव घेणाऱ्या कळ्या जेथे जेथे आहेत तेथे तेथे सर्व चवी कळतात. आरशापुढे जीभ पुष्कळ बाहेर काढली तर मुळाशी आठ-दहा मोठे ठिपके उलट्या बाणासारखे मांडलेले दिसतात. तेथे या कळ्या दाट असतात. एकेका कळीतल्या पेशी सुमारे दहा-बारा दिवसांत बदलून नव्या येतात. पण नुसती कळी नवी येऊन भागत नाही, वार्ता नेणारी नस बरी व्हावी लागते आणि नस फार सावकाश भरते. म्हणून कोणाची चव काही आठवड्यांत येते, कोणाची काही महिन्यांत. बहुतेकांची परत येते. फार थोड्यांची कायमची बिघडलेली राहते.

डॉक्टरांनी मला असेही विचारले की वास येतो का. कारण आपण ज्याला चव म्हणतो तिच्यात वासाचा वाटा मोठा असतो. सर्दीत जेवण गोड लागत नाही ते त्यामुळे. २०२० आणि २०२१ साली करोनाच्या साथीत पुष्कळांना कांद्याचाही वास येईना, ते आपल्याला आठवत असेल. माझे नाक शाबूत होते. फोडणीचा वास मला बरोबर येत होता. डॉक्टर म्हणाले, "बाई, निम्म्याहून जास्त स्वयंपाकघर अजून तुमच्या ताब्यात आहे." त्या एका वाक्याने मला मोठा धीर आला. रक्त तपासून त्यांनी काही दिवस जस्ताच्या गोळ्या दिल्या. त्या कोणी आपल्या मनाने घेऊ नयेत. जस्त जास्त झाले तर शरीरातले तांबे कमी होते. तीळ, शेंगदाणे, हरभरा, भोपळ्याच्या बिया यांत जस्त असते, ते खावयास हरकत नाही.

तेथून परत आल्यावर मी घरी गेले नाही. सरळ त्या धाकट्या भगिनीच्या दारात जाऊन उभी राहिले. जे घडले ते तिला सांगितले आणि माफी मागितली. ती बराच वेळ काही बोलली नाही. मला वाटले, आता दार लावून घेईल. मग तिने चहाचे आधण ठेवले आणि म्हणाली, "ताई, साखर किती घालू? तुम्हांला तर कळत नाही." आम्ही दोघी हसलो आणि मग दोघी रडलो. निघताना तिने एवढेच विचारले, "हे मंडळात सांगाल का?"

मी कार्यकारिणीला सांगितले. मंडळाची खोट मी दोन हप्त्यांत भरून दिली. तिची बुडालेली मजुरीही मंडळामार्फत दिली. ती पुन्हा कामावर आली. पण भगिनींनो, तिला बोल लागला तो साऱ्या गावात, आणि मी कबुली दिली ती बंद खोलीत पाच जणींपुढे. हा हिशेब बरोबर नव्हता. म्हणून अध्यक्षाबाईंनी बोलावयास सांगताच मी होकार दिला, आणि तिची परवानगी घेऊन आज सर्वांसमक्ष सांगते की त्या वर्षी तिचे माप चुकले नव्हते. चुकले ते माझे. हे भाषण स्मरणिकेत छापावे अशीही माझी विनंती आहे, म्हणजे जे आज आले नाहीत त्यांनाही वाचावयास मिळेल.

आता चव परत कशी आली ते सांगते. चव नव्हती तेव्हा मी स्वयंपाक मापाने करावयास शिकले. मुलीने ओट्याच्या भिंतीवर कागद चिकटविला : इतक्या वाटी डाळीला इतके मीठ. मापाचा चमचा आणला. पंचवीस वर्षे मी अंदाजाने मीठ टाकीत होते, आता सपाट चमचा सुरीने निरखून टाकू लागले. पहिल्यांदा लाज वाटली. मग कळले की हात आणि जीभ दमली तर माप सांभाळून घेते. वाढण्याआधी घरातल्या दुसऱ्या कोणी तरी चव घ्यावयाची असे ठरले. धाकटा मुलगा या कामाला आनंदाने तयार झाला, फक्त गोडाच्या दिवशी तो जरा जास्त वेळा चव घेई.

दूध नासले का, तेल खवट झाले का, काल राहिलेली भाजी उतरली का, हेही आपण जिभेने ओळखतो. जिभेचा भरवसा नसेल तेव्हा नाकाने आणि डोळ्यांनी पाहावे, झाकणावर तारीख लिहावी आणि शंका आली तर ते अन्न टाकून द्यावे. गोड कळत नाही म्हणून साखर आणि खारट कळत नाही म्हणून मीठ वाढवू नये. लिंबू, कोथिंबीर, भाजलेले जिरे, लसूण, भाजलेला तीळ यांचा वास असतो. त्यांनी जेवणाला रुची येते. तोंड स्वच्छ ठेवावे, पाणी भरपूर प्यावे. धातूसारखी चव येत असेल तर गरम पदार्थ थोडे निववून खावेत. मला त्याने बरे वाटे.

पहिल्यांदा परतले ते गोड. गणपतीत मोदकाचा कोपरा तोंडात टाकला आणि गूळ गुळासारखा लागला. मी कोणाला सांगितले नाही, न जाणो, भास असेल. दुसरा खाल्ला, तिसरा खाल्ला. मग सासूबाईच म्हणाल्या की पुरे आता. दिवाळीपर्यंत मीठ बरेच कळू लागले. कडू सर्वांत शेवटी आले. २०२४ च्या गुढीपाडव्याला कडुलिंबाचा पाला चघळला आणि तो खरोखरीचा कडू लागला. जिभेवर सदा बसून राहणारा कडवटपणा निराळा आणि कडुलिंबाचा कडूपणा निराळा. कडू लागले म्हणून त्या दिवशी मी हात जोडले. अजूनही थंडीत एखादे दिवशी तोंडाला लोखंडाची चव येते, पण ती येते आणि जाते. घसा मात्र त्यानंतर एकदाही तसा धरला नाही. शस्त्रक्रिया केल्याचा मला पस्तावा नाही. ज्यांना डॉक्टरांनी ती सांगितली आहे त्यांनी माझे ऐकून भिऊन जाऊ नये. आधी सर्व विचारून घ्यावे, कागद वाचावा, आणि नंतर जे होईल ते डॉक्टरांना व घरच्यांना सांगावे.

आपल्या मंडळातही आता नवा नियम झाला आहे. खार-मीठ वजनकाट्यावर मोजावयाचे, माप वहीत लिहावयाचे, आणि चव दोघींनी निरनिराळी घ्यावयाची. दोघींचे जुळले नाही तर तिसरीला बोलवावयाचे. पिठात काही वाढवावयाचे झाले तर आधी वही पाहावयाची. ही वही आता त्याच धाकट्या भगिनीच्या हातात आहे. मी चव घेणाऱ्या दोघींपैकी एक आहे, आणि सर्दी-पडसे असले तर त्या दिवशी नाही म्हणून सांगते. नाही म्हटल्याने माझा मान कमी झाला असे मला तरी दिसले नाही.

खाल्ल्या मिठाला जागावे असे आपण म्हणतो. मी या मंडळाचे मीठ पुष्कळ वर्षे खाल्ले आहे. त्याला जागावयास मला जरा उशीर झाला, त्याबद्दल तिची आणि तुम्हां सर्वांची पुन्हा एकदा क्षमा मागते.  बाहेर फराळाची व्यवस्था केली आहे. पापड यंदाचे आहेत. चव दोघींनी घेतली आहे, निर्धास्त खावे.